मदत हवी आहे: सीव्हीटीचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल घरी बदलायचंय, भरायचा बोल्टच सुटत नाहीये

मंडळी, होंडा सिटी सीव्हीटी, २०१६ ची, ७२ हजार किमी झालेत आणि गिअर ऑइल एकदाही बदललेलं नाही. एचसीएफ-२ चे (होंडाचं सीव्हीटीसाठीचं ऑइल) ४ लिटर आणून ठेवलेत, साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) यात चालत नाही एवढं माहितेय. काल आधी वरचा भरायचा बोल्ट बघितला, कारण खालचं सगळं ऑइल काढलं आणि वरचा उघडलाच नाही तर गाडी पार्किंगमध्येच बसणार ना, आणि नेमका तोच हलेना! डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारून रात्रभर ठेवलंय, वॉचमन काका दर तासाला येऊन 'झालं का' विचारतायत. लांब पाइप लावून जोर द्यावा का, की आटे जातील? आणि जेवढं निघेल तेवढंच मोजून ओतलं तर चालतं का? खालच्या, ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचा नवा वॉशर पुण्यात सुटा कुठे मिळेल?