स्प्लिटनंतर शेअरमध्ये तीन लाखांवर तोटा दिसतोय, उद्या विकू का? मदत हवी आहे

सड्यावरचा_आंबा
नमस्कार मंडळी. उत्तर लवकर हवंय, उद्या सव्वानऊला बाजार उघडायच्या आत. अण्णांनी घेतलेले शेअर आहेत, मधे स्प्लिट झाले, म्हणजे एका शेअरचे अनेक शेअर. अ‍ॅपवर सगळं लालेलाल, तीन लाखांच्या वर तोटा. अण्णा म्हणतात स्प्लिटने बुडवलं. मुंबईचे भावजी म्हणतात दहापट झाले, पेढे वाटा. खरं कोणाचं? बागेला कुंपण घालायचंय, माकडांनी वैताग आणलाय, पैसे त्यासाठी हवेत. लेक्चर नको, विकू की नको तेवढंच सांगा.

भरती_ओहोटी
कुठला शेअर? कधी घेतला? किती होते, किती झाले? स्प्लिटच होता की बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर)? यातलं काहीच न सांगता "विकू का" म्हणजे डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणण्यातला प्रकार.

निवृत्त_मास्तर
सर्वप्रथम ट्रंकेतली सर्टिफिकेटं बाहेर काढा आणि डीमॅट (कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात) करून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. माझ्या सर्टिफिकेटांना दोन पावसाळ्यांत बुरशी धरली, वर माझी १९९४ ची सही आणि आजची सही जुळेना. बँकेतून सही साक्षांकित करून आणण्यात गणपती आले नि गेले. शिवाय सात वर्षं सलग डिव्हिडंड (लाभांश) उचलला नाही तर शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे वर्ग होतात. जपून.

सड्यावरचा_आंबा
मास्तर, कागद नाहीत हो! अ‍ॅप म्हटलंय ना वर. टाटा स्टील. ८० होते, ८०० दिसतायत. २०१७ चे.

रापणकर
टाटा स्टील म्हणजे स्प्लिटच. २९ जुलै २०२२ ची रेकॉर्ड डेट (त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर, त्यांना स्प्लिट लागू), दर्शनी मूल्य १० चं १ रुपया. एकाचे दहा झाले आणि भाव आदल्या दिवशीच, २८ जुलैला, दहावा झाला. पाच डझनांची पेटी फोडून डझनाचे पाच खोके केले, आंबे साठाचे साठच. भावजींना पेढे त्यांच्या खर्चाने वाटायला सांगा.

घाटावरचा_पाहुणा
उदाहरण चुकलं. डझनाच्या खोक्याला गिऱ्हाईक जास्त मिळतं, भावही सुटा जास्त मिळतो. शेअरचंही तेच, स्वस्त दिसला की छोटे लोक घेतात. स्प्लिटनंतर शेअर वाढतोच.

रापणकर
"वाढतोच" कुठून आणलंत? स्टेट बँकेचा नोव्हेंबर २०१४ मध्ये असाच १० चा १ झाला. फेब्रुवारी २०१६ पर्यंत भाव जवळपास अर्ध्यावर आला, कारण बुडीत कर्जं वर यायला लागली होती. उलट एमआरएफ स्प्लिटच्या वाटेला जात नाही, २०२३ मध्ये एक शेअर लाखाच्या वर गेला. घेणारे वाढतात हे मान्य. धंदा वाढत नाही.

कुळथाची_पिठी
अरे वायच दम खा. आंबो कापलो म्हणान बाठे दोन होनत नाय.

सड्यावरचा_आंबा
सगळं पटलं, पण मग तोटा कशाचा दिसतोय? आणि अण्णांचा मुद्दा वेगळाच आहे. त्यांच्या वहीत लिहिलंय: २०२२ ला डिव्हिडंड शेअरमागे ५१ रुपये, बँकेत ४०८० जमा. पुढच्या वर्षी ३.६० आणि २८८०. म्हणतात, शेअर दहापट झाले तर पैसे कमी कसे?

भरती_ओहोटी
अण्णांची वही लाखमोलाची, जपून ठेवा. ते ५१ स्प्लिटच्या आधीचे, १० रुपयांच्या शेअरवरचे. आजच्या मापात ते ५.१०. म्हणजे ५१ चे ३.६० झालेच नाहीत, ५.१० चे ३.६० झाले. ही घट खरी, पण तिला स्प्लिट जबाबदार नाही. त्या वर्षी पोलादाला तेजी होती, कंपनीने मोकळ्या हाताने वाटलं. पुढच्या वर्षी नफा उतरला. स्प्लिट नसता तर अण्णांना ८० शेअरवर ३६ प्रमाणे तेच २८८० मिळाले असते.

आता तोट्याचं. अ‍ॅपवर खरेदीचा सरासरी भाव काय दिसतो? शेअर पहिल्यापासून याच ब्रोकरकडे आहेत का?

एसआयपी_प्रेमी
थेट शेअरच्या भानगडीत पडूच नका. सगळं विकून इंडेक्स फंडात टाका. मी २०१५ पासून

रापणकर
त्यांना कुंपण घालायचंय दादा, फंड नको.

सड्यावरचा_आंबा
सरासरी ६००. नाही, आधी रत्नागिरीतल्या जुन्या ब्रोकरकडे होते. गेल्या मे महिन्यात इकडे आणले. तेव्हा अ‍ॅप खरेदीचा भाव विचारत होतं, वहीत ६०० होता तो मी घातला.

भरती_ओहोटी
सापडलं. वहीतले ६०० हे जुन्या ८० शेअरचे, म्हणजे ४८,००० रुपये. तुम्ही ते ८०० शेअरना लावलेत, अ‍ॅपने ४,८०,००० धरले. तिथे ६० करा. दुरुस्तीची सोय असते, नाहीतर ब्रोकरला मेल टाका.

कर भरायच्या आधी हे निस्तराच. स्प्लिटमध्ये खरेदीची तारीख जुनीच राहते, तुमची २०१७ ची, म्हणजे नफा दीर्घ मुदतीचा. सगळे शेअर मिळून असा नफा वर्षात सव्वा लाखाच्या आत असेल तर कर शून्य, वरच्या भागावर १२.५ टक्के. आणि ३१ जानेवारी २०१८ च्या आधीची खरेदी असल्याने त्या दिवसाचा सर्वोच्च भावही खरेदीच्या जागी धरता येतो, विक्रीच्या भावापेक्षा जास्त नसेल तर. तोही दहाने भागून घ्या, नाहीतर पुन्हा हीच गंमत.

घाटावरचा_पाहुणा
बोनसलाही तारीख जुनीच ना?

भरती_ओहोटी
नाही. बोनसच्या शेअरची तारीख ते मिळाल्याची आणि खरेदी किंमत शून्य. म्हणूनच पहिल्या प्रतिसादात स्प्लिट की बोनस विचारलं होतं. आंबेवाले, २०१८ च्या सुरुवातीला राइट्स (जुन्या भागधारकांना पैसे भरून नवे शेअर घ्यायची संधी) आला होता, तो घेतला होता का?

सड्यावरचा_आंबा
नाही. तेव्हा बागेत फवारणी चालू होती, लक्ष कोणाला. ६० केले आत्ता. हिरवं झालं!! अण्णांना दाखवलं, चष्मा काढून दोनदा बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे इतके दिवस माझे पैसे तू बुडवलेस." उद्या ४०० विकतो, बाकीचे राहू देत. आभार मंडळी.

निवृत्त_मास्तर
सर्टिफिकेटांचं तेवढं बघाच.

कुळथाची_पिठी
कुंपण सौर घालतलास की जाळी? माकडां तारेक भियेनत नाय, फांदयेवरसून येतत.