उन्हानं काजळी मरते का?

वर एकांनी लिहिलंय, ‘बीडकडच्या मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावरच्या काजळीतलं विष आपोआप मरतं.’ अर्धंच खरं. काजळीतली अँथ्रासीन, बेंझोपायरीन ही जोडवलयांची (कार्बनची कडी एकमेकांना जोडून बनलेली) संयुगं ३०० नॅनोमीटरपुढचा, म्हणजे जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातला प्रकाशही शोषतात, ऑक्सिजनशी जुळून मोडतात. अँथ्रासीनचं अँथ्राक्विनोन होतं. पण ती बसलीत कशावर? सिलिकासारख्या फिक्या कणांवर लवकर मोडतात. काजळीवर रेंगाळतात, कारण काळा कार्बनच ऊन गिळतो. आमच्या न्हाणीच्या चुलीत पऱ्हाट्या जळतात. धुराड्याशेजारच्या पत्र्याला बोट लावा, अख्खा उन्हाळा खाऊनही तेलकट काळं येतंच! शिवाय मोडून होणारी काही क्विनोन्सही (अँथ्राक्विनोनच्या जातीची संयुगं) विषारीच. त्या पत्र्यावर कुरडया वाळत घालत असाल तर आधी जागा बदला.