'बळी', 'कुर्बानी' आणि जवळ येणं

जालन्याहून प्रश्न:
रविवारी चर्चमध्ये बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा १०वा अध्याय वाचायची पाळी माझी होती. घरी मोठ्यानं सराव करत होते, शेजारच्या मावशी ओसरीवर बसून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "तुमच्या देवालाबी बळी लागतो का वो?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. आमच्याकडं बळी म्हटलं की जत्रेतला बोकड आठवतो. नवस फिटला, देणं संपलं. या अध्यायात तर पुढं परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सगळ्यात आतल्या खोलीत जाण्याची, देवाच्या जवळ येण्याची भाषा आहे. 'बळी' या शब्दातून ते जवळ येणं कळतच नाही. दुसरा शब्द आहे का?

परभणीहून:
ताई, बळी म्हणजे कापणंच असं नाही. काकबळीत भाताचा घास असतो. संस्कृतात 'बलि' म्हणजे वाटा, राजाला द्यायचा करसुद्धा. पण जवळ येण्याचा अर्थ त्यात नाही, हे तुमचं खरं.

छत्रपती संभाजीनगरहून:
ताई, तुम्हाला हवा तो शब्द आपल्या भागात लहानपणापासून कानावर पडतो: कुर्बानी. त्याचा अरबी धातू 'जवळ असणं' या अर्थाचा. आपण "काम करीब करीब झालं" म्हणतो, तो 'करीब' त्याच धातूचा. बायबलच्या जुन्या कराराची हिब्रू भाषा ही अरबीची बहीण, आणि त्यातल्या लेवीयच्या पुस्तकात अर्पणाला 'कोरबान' म्हटलंय. ते आणण्यासाठी पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात (१:२) जे क्रियापद आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'जवळ आणणं'. दुसऱ्या अध्यायात पीठ आणि तेलाचं अर्पण आहे, तेही कोरबानच. म्हणजे मूळ शब्दाचा रोख मारण्यावर नाही, जवळ जाण्यावर आहे.

आता लेवीय १६ वाचा. वर्षातून एकच दिवस, एकटा प्रमुख याजक, म्हणजे मुख्य पुजारी, रक्त घेऊन परमपवित्रस्थानाच्या पडद्याआड जायचा. बाकी सगळे बाहेर. (आपण 'बळीचा बकरा' म्हणतो ना, तिथं दोन बकरे आहेत, आणि लोकांची पापं डोक्यावर घेणारा जिवंत रानात सोडला जातो.) इब्री पत्राचं सगळं म्हणणं या चित्रावर उभं आहे. बैलांचं, बकऱ्यांचं रक्त पाप दूर करू शकत नाही, असं १०:४ स्पष्ट सांगतं. मग ख्रिस्त स्वतःच याजक आणि स्वतःच अर्पण होतो, तेही एकदाच. मार्क १५:३८ मध्ये येशू मरतो तेव्हा मंदिराचा हा पडदा वरून खालपर्यंत फाटतो. 'वरून' या शब्दापाशी मी दरवेळी थांबतो. माणसानं फाडला असता तर खालून फाटला असता. मावशींना एवढं नक्की सांगा, की आमच्या श्रद्धेप्रमाणं इथं देवानं बळी मागून घेतला नाही, स्वतःला दिलं.

हिंगोलीहून:
आमच्या औंढा नागनाथाची गोष्ट सांगितली तर मावशींना लवकर समजेल. नामदेवांना कीर्तनाला देवळामागं घालवलं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं म्हणतात. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं नाही. पण बाहेर ठेवलेल्याचं दुःख मावशींना ओळखीचं आहे.

लातूरहून:
'प्रवेश' शब्दाचंही बघा. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (२:१८) देवाजवळच्या 'प्रवेशा'साठी आलेला ग्रीक शब्द 'प्रोसागोगे', म्हणजे कुणीतरी आपल्याला सोबत घेऊन मोठ्या माणसापुढं उभं करणं. 'प्रवेश' म्हटलं की शाळेचा अर्ज आठवतो. नेणारा माणूसच त्यातून गळतो. मी संडे स्कूलमध्ये 'भेटीला नेणं' म्हणते. कुर्बानी हा शब्द समजावायला छान आहे, पण उपासनेत तो ईदचाच वाटेल. तिथं 'अर्पण' बरा.

जालन्याहून:
ताई-दादांनो, मावशींना करीब-कुर्बानी सांगितलं, पडदा सांगितला. त्यांनी विचारलं, "मंग पुन्हा कुणी शिवला नाही का तो?" ते मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं, एवढं सांगितलं. पण त्या ते विचारत नव्हत्या. आमच्या चर्चमध्ये वेदीच्या कठड्यापुढं पाऊल टाकायला बाया अजून बिचकतात. वाचन करायला मी तिथवर गेले, तेव्हा माझेही पाय कापत होते.