शेजारच्या आजींच्या डब्यातले उत्तर कॅनडाचे जुने फोटो: कुणाकडे सोपवावेत?

क्षकिरण

नमस्कार मंडळी,

मी ओटावात राहते, एक्स-रे काढायचं काम करते. आमच्या शेजारच्या आजी गेल्या महिन्यात वारल्या. ९२ वर्षांच्या होत्या. तरुणपणी त्या नर्स होत्या. दोन उन्हाळे सरकारी जहाजावरून आर्क्टिकला गेल्या आणि नंतर बरीच वर्षं दक्षिणेतल्या एका क्षयरोग रुग्णालयात काम केलं. घर रिकामं करताना त्यांच्या भाच्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. त्याला त्यात रस नव्हता, पण टाकून द्यायला जीवही होत नव्हता.

डब्यात ५८ रंगीत स्लाइड, १७ कृष्णधवल फोटो आणि निगेटिव्हचं एक पाकीट आहे. तीन रात्री मी भिंग घेऊन तेच बघत बसले आहे. बर्फाच्या पाण्यात उभं असलेलं जहाज, किनाऱ्यावरचे तंबू, डेकवर रांगेत बसलेल्या बायका. त्या कशाची वाट बघत आहेत हे मला लगेच कळलं, कारण मागे उघड्या दारातून एक्स-रे यंत्राचा स्टँड दिसतो.

एक फोटो मात्र मनातून जात नाही. तळहाताएवढा, कडा करवतीसारख्या कापलेल्या. तिशीतली बाई, अंगात मोठ्या टोपाचा पार्का (टोप जोडलेला जाड कोट), आणि खांद्यामागून बाळाचं फक्त कपाळ आणि एक डोळा दिसतोय. तिने गळ्यातल्या दोरीला अडकवलेली एक गोल चकती दोन बोटांत धरून कॅमेऱ्यापुढे केली आहे. कुणीतरी तसं करायला सांगितलं असणार. पाठीमागे पेन्सिलने इंग्रजीत ‘एस्किमो बाई, केप डॉर्सेट, ऑगस्ट १९५५’ आणि खाली ‘ई७’, आडवी रेघ, पुढे चार आकडे. नाव कुठेच नाही.

हा आकडा काय आहे? यावरून बाईचं नाव सापडेल का? आणि हा डबा नेमका कुणाकडे सोपवावा? फेसबुकवर टाकावे का, असाही विचार आला होता.

जुनेकागद

ताई, आधी एक विनंती. डब्यातला क्रम बदलू नका. बदलला असेल तर आठवेल तसा आजच लिहून काढा. कोणत्या पाकिटात काय होतं, कोणती स्लाइड कशाला लागून होती, त्यावरून ती कुठल्या प्रवासातली हे कळतं. मी विनिपेगला अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, काम करतो. लोक फोटो ‘विषयवार लावून’ आणून देतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण निम्मी माहिती त्या लावण्यातच गेलेली असते.

आता आकडा. इनुइट, म्हणजे तेव्हा ‘एस्किमो’ म्हणत त्या आर्क्टिकच्या मूळ लोकांत आडनाव नव्हतं आणि एकच नाव चार-चार तऱ्हेने लिहिलं जायचं. म्हणून १९४१ पासून सरकारने माणसागणिक एक चकती दिली. एखाद्या नाण्यासारखी, दोरीसाठी भोक पाडलेली, वर मुकुटाचं चिन्ह आणि नंबर. ती कायम जवळ बाळगायची. १९४५ पासून नंबराआधी विभाग आला, पूर्वेला ‘ई’ आणि पश्चिमेला ‘डब्ल्यू’. ‘ई७’मध्ये बॅफिन बेटाचा दक्षिण भाग, म्हणजे केप डॉर्सेटही येतं. तेव्हा तुमच्या फोटोवरचा नंबर आणि गाव एकमेकांशी जुळतात.

हा नंबर सगळीकडे वापरला जायचा: रुग्णालयाच्या कागदांवर, भत्त्यांच्या यादीत, इतकंच काय त्या काळच्या दगडी शिल्पांच्या तळाशीसुद्धा. त्यामुळे इनुइट कलेच्या अभ्यासकांकडे चकतीचा नंबर आणि नाव यांच्या याद्या आहेत. तुमच्या बाईने किंवा तिच्या घरच्या कुणी पुढे कोरीव काम किंवा चित्रं केली असतील, तर धागा तिथून लागू शकतो. केप डॉर्सेट म्हणजे त्या कलेचं माहेरघर, तेव्हा ही शक्यता दूरची नाही.

पुढे १९६८ ते १९७१ या काळात ॲब ओकपिक यांनी वस्तीवस्तीला जाऊन प्रत्येक कुटुंबाला आडनाव निवडायला लावलं, आणि चकत्या मागे पडल्या. म्हणजे एकाच बाईची नोंद चार ठिकाणी चार रूपांत सापडेल: तिचं स्वतःचं नाव, मिशनऱ्याने बाप्तिस्म्याला दिलेलं नाव, चकतीचा नंबर, आणि १९७० च्या आसपासचं आडनाव. गावांचीही तीच गत. फ्रोबिशर बेचं १९८७ मध्ये इकालुइत झालं, केप डॉर्सेटचं २०२० मध्ये किन्गाइत. शोधताना जुनं आणि नवं दोन्ही टाका.

फोटोवरच्या तारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. लोक पाठीमागे वर्षांनी लिहितात. जहाज कोणतं आहे ते बघा. नॅस्कोपी असेल तर फोटो जुलै १९४७ च्या आधीचा, कारण ते केप डॉर्सेटजवळच खडकावर आदळून बुडालं. सी. डी. हाऊ असेल तर १९५० किंवा त्यानंतरचा. डेकवरच्या जीवरक्षक चाकांवर बहुधा नाव असतं.

आणि सगळे फोटो आजींनीच काढले असंही धरून चालू नका. त्याच भागात पीटर पिट्सिओलाक नावाचे इनुइट छायाचित्रकार होते. बर्फाच्या घरात, टॉर्चला लाल कापड गुंडाळून, पत्नी अगिओक यांच्या मदतीने ते फिल्म धुवायचे. त्यांच्या दीड हजारांहून अधिक निगेटिव्ह आज कॅनडाच्या इतिहास संग्रहालयात आहेत. स्थानिक माणसाने काढलेला फोटो पाहुण्या नर्सला भेट मिळणं अगदी शक्य आहे.

सोपवायचं म्हणाल, तर तुमच्याच गावात लायब्ररी अँड अर्काइव्हज कॅनडा आहे. तिथे २००२ पासून ‘प्रोजेक्ट नेमिंग’ चालतं. जुन्या फोटोंतल्या अनाम माणसांची नावं लोकांकडून मिळवायची, एवढाच त्याचा उद्योग. पण देण्याआधी नूनावुतच्या (किन्गाइत ज्या प्रदेशात येतं त्याच्या) अर्काइव्हशी आणि किन्गाइतमधल्या केनोजुआक सांस्कृतिक केंद्राशीही बोला. फोटो तिथल्या माणसांचे आहेत.

उत्तरवाट

क्षकिरण, तुमचा फोटोचा परिच्छेद मी दोनदा वाचला. मी सहा वर्षं इकालुइतला शिक्षिका होते, म्हणून लिहिते.

प्रोजेक्ट नेमिंगची सुरुवात ओटावातल्या नूनावुत सिवुनिक्सावुत या इनुइट तरुणांच्या शिक्षणक्रमातून झाली. ही मुलं सुट्टीत घरी जाताना फोटो बरोबर न्यायची आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विचारायची. सुरुवातीचे फोटो रिचर्ड हॅरिंग्टन यांचे होते, १९४० च्या दशकाअखेरचे आणि १९५० च्या सुमाराचे. त्यांत पॅडली या वस्तीतल्या उपासमारीचेही आहेत. हजारो नावं अशी परत मिळाली.

मी हे एकदा जवळून बघितलंय. आमच्या शाळेतल्या एका मुलीची आजी लॅपटॉपवर फोटो बघत होती. चेहरा धूसर होता. तिने चेहऱ्याकडे बघितलंच नाही. आधी पार्क्याची पुढची झालर, मग खांद्याची शिवण, मग मागच्या शेपटीची लांबी. बोट काचेवर टेकवून म्हणाली, हे माझ्या आत्याच्या हातचं आहे. मग नाव, मग ती कुठल्या तळावर राहायची, मग त्या वर्षी कुत्री कशाने मेली. अर्धा तास. आम्ही सगळे गप्प.

बाळ पाठीशी घ्यायच्या त्या पार्क्याला अमाउती म्हणतात. बाळ टोपात बसत नाही, पाठीवरच्या पिशवीत असतं आणि टोपातून डोकावतं. कापणी आणि मणीकाम भागाभागाला वेगळं. म्हणून स्कॅन करताना चेहऱ्यापुरता फोटो कापू नका. कपड्याची कड, बूट, मागचा तंबू, सगळं हवं.

नावाचंही सांगते. तिथे बाळाला गेलेल्या माणसाचं नाव देतात आणि त्याबरोबर नातंही येतं. आजोबांचं नाव मिळालेल्या नातीला तिची आई ‘बाबा’ म्हणून हाक मारते, हे मी रोज ऐकलं आहे. मुलगा-मुलगी असा भेद नावात नसतो. अशा माणसांच्या गळ्यात नंबर अडकवला होता. तेव्हा तुमच्या फोटोतली बाई कोण, याचं उत्तर तिथल्या कुणाला तरी स्वतःच्या नावाशी जोडलेलं सापडेल.

आता जड गोष्ट. १९५६ मध्ये सुमारे दर सात इनुइट माणसांमागे एक जण दक्षिणेतल्या क्षयरोग रुग्णालयात होता. सी. डी. हाऊवर एक्स-रे काढायचे आणि डाग दिसला की माणसाला बहुतेक वेळा किनाऱ्यावर परत जाऊ देत नसत. आई जहाजावर, मुलं तंबूत. काही जण कधीच परतले नाहीत आणि कुठे पुरले हे घरी कळलं नाही. मार्च २०१९ मध्ये पंतप्रधान ट्रूडो यांनी इकालुइतला येऊन याबद्दल माफी मागितली आणि त्याच वेळी अशा माणसांच्या कबरी शोधायचा ‘नानिलावुत’ प्रकल्प सुरू झाला. अर्थ ‘आपण त्यांना शोधू या’. तुमच्या डब्यात रुग्णालयातले फोटो असतील तर ते फेसबुकवर कृपया टाकू नका. कुणाला तरी आपल्या हरवलेल्या आईचा चेहरा असा अचानक, जेवताना, फोनवर दिसायला नको.

पाणकावळा

मला हे पूर्ण पटत नाही. १९५५ मध्ये जी मुलं दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या पुढे आहेत. संस्थांना पत्र पाठवा, उत्तराची वाट बघा, यात दोन वर्षं जातील आणि ओळखणारं माणूस जाईल. तिथल्या गावांचे फेसबुक गट आहेत, लोक तासाभरात सांगतात. माझ्या मते लगेच टाका.

उत्तरवाट

वेळेचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, मलाही तीच भीती वाटते. म्हणून मधला रस्ता सुचवते. जहाज, तंबू, किनारा, हसणाऱ्या मुलांचे घोळके, हे गावातल्याच कुणाच्या हाताने गावाच्या गटात जाऊ द्या. एक्स-रेची रांग, खाटा, आणि नंबर दिसतोय असा कुठलाही फोटो आधी फोनवर किंवा ईमेलने तिथल्या माणसाला. दोन वर्षं नाही लागणार, दोन आठवडे लागतील.

दिवाणखाना

फक्त तांत्रिक. स्लाइड कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) असतील तर रंग अंधारात फार चांगले टिकतात, पण प्रोजेक्टरच्या उजेडात पटकन उडतात. हौसेने भिंतीवर लावून बघू नका. स्कॅनरमधलं धूळ काढायचं स्वयंचलित सेटिंग बंद ठेवा, कोडाक्रोमवर आणि कृष्णधवल निगेटिव्हवर ते खरे तपशीलच पुसतं. शिवणी बघायच्या आहेत ना, मग हे महत्त्वाचं. स्लाइड ४००० डीपीआयला, फाइल टिफ. छापील फोटोची पाठसुद्धा स्कॅन करा. निगेटिव्हच्या कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द आहे का बघा. नसेल तर फिल्म नायट्रेटची असू शकते, ती पेट घेते. डब्यातून काढून थंड जागी वेगळी ठेवा आणि देताना तसं सांगा. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म खराब होऊ लागली आहे, उशीर करू नका.

क्षकिरण

सगळ्यांचे मनापासून आभार. निगेटिव्हवर ‘सेफ्टी’ आहे, वास नाही. जहाजाचं नावही मिळालं: एका स्लाइडमध्ये जीवरक्षक चाकावर ‘हाऊ’ एवढं वाचता येतं. क्रम वहीत लिहून काढला.

काल पाठीचे स्कॅन करताना एक गोष्ट दिसली. त्याच फोटोच्या मागे, इंग्रजी ओळीच्या खूप खाली, अगदी फिकट अशी तीन चिन्हं आहेत. मला ती घाण वाटली होती. स्कॅनचा कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर उठून आली. पहिलं म्हणजे डावीकडे टोक असलेला त्रिकोण. पुढची दोन एकमेकांसारखी, एक छोटा फास आणि त्याला जोडलेली आडवी रेघ. अक्षर वाकडंतिकडं आहे, पेन्सिल दाबून धरलेली. इंग्रजी ज्याने लिहिलं त्याचा हात हा नाही. उत्तरवाट, तुम्हाला वाचता येईल का? खासगी संदेशात चित्र पाठवलं आहे.

उत्तरवाट

बघितलं. ही इनुक्टिटुटची, म्हणजे इनुइट भाषेची, अक्षरं आहेत. डावीकडे टोक असलेला त्रिकोण म्हणजे ‘आ’. पुढची दोन्ही ‘ना’. दीर्घ स्वराचा टिंब लोक बहुतेक वेळा द्यायचे नाहीत.

‘आनाना’ लिहिलंय. म्हणजे आई.

जुनेकागद

ताई, आजी कोणत्या रुग्णालयात होत्या आणि कोणत्या वर्षांत, हे भाच्याला विचारून लिहून ठेवा. मुलांच्या वॉर्डात होत्या का, तेही. हा फोटो कधीतरी एखाद्या मुलाच्या हातात होता.

क्षकिरण

भाच्याला फोन केला. हो, मुलांच्याच वॉर्डात, सलग चार वर्षं.

बाकी डबा देण्याचं नंतर बघते. हा एक फोटो आणि त्याच्या पाठीचा स्कॅन आज रात्रीच किन्गाइतला पाठवते आहे. फोटोतल्या बाळाचं वय आता सत्तर असेल आणि लिहिणारं त्याहून मोठं. मूळ प्रत मी डब्यात परत ठेवली नाही, वेगळ्या पाकिटात काढून ठेवली आहे. कुणी मागितली तर स्वतः घेऊन जाईन.