निधी खर्ची पडला म्हणजे काम झालं, असं नाही

कुणी म्हणतं की सरकारी योजनेचा मार्चअखेर ९५ टक्क्यांच्या वर निधी खर्च झाला, म्हणजे ती कार्यक्षमतेने राबवली. हे मला मुळीच पटत नाही. नागपुरात एका सरकारी कार्यालयाच्या लेखाशाखेत मी बरीच वर्षं काढली. ३१ मार्चच्या रात्री कोषागारात बिलं पास करून घ्यायची धावपळ दरवर्षीचीच. एकदा आमच्याकडच्या इमारतीचा सगळा निधी त्याच रात्री बांधकाम यंत्रणेकडे वर्ग झाला. आमच्या वहीत खर्च शंभर टक्के. जागेवर मात्र पायाही खोदलेला नव्हता, तो पुढच्या दिवाळीनंतर खोदला गेला! तोवर पैसा नुसता पडून. टक्केवारीत हे कुठेच दिसत नाही, म्हणून पैसा वर्ग झाल्याची तारीख आणि मोजमाप पुस्तिकेतली (जागेवर झालेल्या कामाची मापं लिहायची वही) पहिली नोंद यांतलं अंतर बघा. खरी कार्यक्षमता तिथे कळते.

आणि वेळेचीही किंमत धरा. विदर्भातल्या गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा अंदाजित खर्च होता ३७२ कोटी. १९८८ मध्ये भूमिपूजन झालं, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि सुधारित खर्च गेला १८ हजार कोटींच्या वर. यातल्या कित्येक वर्षांत मिळालेला निधी 'पूर्ण खर्च' असाच दाखवला गेला असेल. अडीच लाख हेक्टरच्या नियोजित सिंचनापैकी प्रत्यक्ष पाणी किती हेक्टर शेतात पोचलं, त्या आकड्याने झालेला खर्च भागून बघा.