मदत हवी आहे: मोटारसायकलच्या ब्रेक डिस्क आणि व्हील पॉलिश केले तरी चमक टिकत नाही, रविवारी गिऱ्हाईक येतंय

शिवार_यावल
मंडळी लवकर सांगा कुणीतरी. गाडी विकायची आहे, रविवारी चोपड्याहून पार्टी बघायला येऊ राहिली. बाकी गाडी टकाटक आहे पण डिस्क तांबूस पडल्यात आणि व्हीलवर पांढरे डाग आलेत. डिस्कला ब्रासो पॉलिश मारलं की आरशासारखी चमकते आणि सकाळी बघावं तर परत तांबूस. व्हीलवर तर ब्रासोचा उपयोगच नाही, फडकं काळं होतं अन् डाग तिथंच. कोणतं पॉलिश घेऊ तेवढं सांगा, उद्या जळगावला चाललोच आहे. गॅरेजला दाखव म्हणू नका, तो डिस्कच बदल म्हणतो, विकायच्या गाडीला एवढा खर्च कोण करील.

धुळेवाला
भाऊ तुनी गाडी कोनती शे ते तं सांग आधी. स्पोकचं व्हील का अलॉय, डिस्क एक का दोन? फोटो टाक.

खान्देशी_बुलेट
माझ्या बुलेटच्या रिमला पण असेच डाग होते. क्रोमला वॉटर पेपर अजिबात लावायचा नाही, घरातला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करायचा, पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासायचं, गंज निघून येतो अन् क्रोमला ओरखडा पडत नाही. नंतर पुसून वॅक्स. मी सारंगखेड्याच्या यात्रेला जायच्या आधी दरवर्षी करतो, लोक थांबून विचारतात रिम नवी टाकली का म्हणून.

गॅरेज_अमळनेर
बुलेटभाऊ, त्याच्या गाडीला क्रोम आहे हे कुणी सांगितलं? आणि शिवार, तू डिस्कच्या नेमक्या कोणत्या भागाला ब्रासो मारलं? ब्रेकचं पॅड घासतं त्या पट्ट्याला मारलं असेल तर गाडी चालवू नको. ब्रासोत रॉकेलसारखं द्रावण आणि बारीक घासणारी पूड असते, ते पॅडमध्ये मुरतं आणि ब्रेक दाबला तरी गाडी पुढं सरकत राहते. त्या पट्ट्याला आरसा करायचाच नसतो, तिथं बारीक रेघा पाहिजेत म्हणजे पॅड धरतं. ब्रेक लागतोय का नीट?

शिवार_यावल
पल्सर दीडशे, मागेपुढे डिस्क, २०१९ चं मॉडेल, काळे अलॉय. सगळ्या डिस्कला मारलं, पट्टा वगैरे वेगळा काही केला नाही. ब्रेक लागतो, जरा जोरात दाबावा लागतो आणि चिरचिर आवाज येतो. पण माझा प्रश्न ब्रेकचा नाहीये, चमकेचा आहे.

सागर_एरंडोल
एवढं काय अवघड आहे त्यात. मेन स्टँडवर घे, गाडी चालू कर, गिअर टाक, मागचं चाक फिरतंय तोवर डिस्कला ४०० नंबरचा वॉटर पेपर धर दोन्ही बाजूनं, पाच मिनटात नवी. पुढच्यासाठी दुसऱ्याला चाक फिरवायला लाव. मी नेहमी असंच करतो.

गॅरेज_अमळनेर
सागर हे लिहू नको बाबा, नवी पोरं वाचतात. डिस्कला भोकं असतात, बाजूला चेन चालू असते. माझ्याकडे एक पोरगा असाच इंजिन चालू ठेवून फडक्यानं चेन पुसत होता, फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं गेलं अन् त्याच्याबरोबर बोटाचं पेर. डॉक्टरकडे मीच नेला त्याला. इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, चाक हातानं फिरवा. वेळ लागला तर लागू द्या.

सागर_एरंडोल
मला आजवर काही झालं नाही. सांभाळून केलं तर काही होत नाही.

गॅरेज_अमळनेर
त्या पोरालाही आदल्या दिवसापर्यंत काही झालं नव्हतं.

वैशाली_भुसावळ
व्हीलचं मी सांगते, मी माझ्या गाडीचे दोन्ही अलॉय घरी केलेत. दादा, तुमचे अलॉय काळे म्हणजे रंग दिलेले आहेत, धातू उघडा नाहीच. मेटल पॉलिश रंगावर घासलं तर फडक्याला येतो तो तुमचा रंग. डाग रंगाच्या वर आहेत का खाली ते बघा. नखानं खरवडा, फुगवटा लागला किंवा अळी चालल्यासारखी पांढरी रेघ दिसली तर रंगाखाली ॲल्युमिनियम खाल्लं जातंय, त्याला कुठलंच पॉलिश चालत नाही. तेवढा भाग २२० च्या पेपरनं धातूपर्यंत घासायचा, ४०० च्या पेपरनं कडा मिळवायच्या, प्रायमर, काळा रंग, वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर. फक्त टायर अन् डिस्क नीट झाकून घ्या. पूर्ण चकचकीत उघडं ॲल्युमिनियम पाहिजे असेल तर रंग काढून ८००, १०००, १५००, २००० असं चढत जायचं आणि मग बफ, पण वर क्लिअर नाही मारलं तर ते महिन्याभरात परत मळकट होतं.

धुळेवाला
घरी कशाला, पावडर कोटिंग करून घ्या सरळ. जळगावच्या एमआयडीसीत करतात.

वैशाली_भुसावळ
त्यासाठी टायर, बेअरिंग, डिस्क सगळं उतरवावं लागतं, भट्टी १८० ते २०० डिग्रीची असते. रविवारपर्यंत होणार नाही आणि विकायच्या गाडीला परवडणार पण नाही.

रिटायर_फिटर
मी जन्म काढला रेल्वेच्या लोको शेडमध्ये म्हणून विचारतो. दिवस मे चे, यावलला दुपारी पंचेचाळीस डिग्री, हवेत ओलावा नाही. डिस्कचं स्टील कडक असतं, त्याला चुंबक चिकटतं, पावसात हलका गंज धरतं हे खरं, पण तो ब्रेक लावला की निघून जातो. कोरड्या उन्हाळ्यात एका रात्रीत तांबूस कशी पडेल? गाडी रात्री कुठं लावतोस बाळा? जवळ काय ठेवलेलं असतं?

शिवार_यावल
मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, दुसरी कुठं लावणार. तिथं खताच्या गोण्या आहेत, ठिबकचं सामान, फवारणीचा पंप. नेहमीचंच सगळं.

रिटायर_फिटर
ठिबकच्या सामानात ॲसिडचा कॅन आहे का? आणि शेडमधले पाने, विळे गंजलेत का, मोटारीच्या स्टार्टरमधलं तांबं हिरवं पडलंय का ते बघून सांग.

शिवार_यावल
कॅन आहेत ना काका, क्षाराचं पाणी आहे आमचं, ड्रिपर बुजतात, केळीला ॲसिड दिल्याशिवाय चालतच नाही. आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. स्टार्टरच्या तारा हिरव्या आहेत. पान्यांचा डबा उघडला तर सगळा तांबडा. गाडी कॅनच्या शेजारीच असते, दोन हातावर.

रिटायर_फिटर
मग तुझं कारण सापडलं. हायड्रोक्लोरिकचं झाकण कितीही आवळलं तरी वाफ सुटते, बंद शेडमध्ये उन्हानं जास्तच. ती वाफ स्टील, तांबं, ॲल्युमिनियम सगळं खाते. व्हीलवरची पांढरी पूड तीच. गाडी आजच बाहेर काढ. खायचा सोडा पाण्यात कालवून डिस्क आणि व्हील धू, मग साध्या पाण्यानं भरपूर, मग कोरडं पुस. हे केल्याशिवाय रंग मारलास तर तो परत फुगेल.

केळीबाग_रावेर
मी म्हणून हायड्रोक्लोरिक सोडून फॉस्फरिक घेतो. वाफ नाही आणि झाडाला स्फुरद पण मिळतं.

तापीकाठ
भो, कडक पाण्यात फॉस्फरिकनं उलट गाळ बसतो पीएच खाली राखला नाही तर. आमच्या दोन लाइनी बुजल्या तशा.

केळीबाग_रावेर
पीएच कागदानं तपासूनच सोडायचं असतं, डोळे मिटून नाही.

शिवार_यावल
ठिबकचं नंतर बोला ना, रविवार जवळ आलाय. डिस्कचं काय करू ते सांगा.

गॅरेज_अमळनेर
सांगतो. आधी डिस्कवर मिन टीएच, म्हणजे कमीत कमी जाडी, असं कोरलेलं असतं, पुढं मिलिमीटरचा आकडा. व्हर्नियरनं पॅड घासतं तिथं तीन-चार ठिकाणी जाडी मोज, कडेच्या उंचवट्यावर नाही. आकड्याच्या खाली असेल तर गॅरेजवाला बरोबर बोलला, बदल. वर असेल आणि नख अडकेल एवढे खड्डे नसतील तर डिस्क ठेव. ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन पुस, फडकं पांढरं राहीपर्यंत. मग ३२० चा पेपर हातानं गोल गोल, हलकाच, परत क्लीनर. मधला जाळीचा भाग काय चमकवायचा तो चमकव, पण पट्ट्यावर पॉलिश, वॅक्स, तेल काही नको. पॅड मात्र चारही नवे टाक, ब्रासो मुरलेलं पॅड घासून किंवा भाजून सुधरत नाही. मग नवे पॅड बसायला मोकळ्या रस्त्याला पन्नासवरून दहापर्यंत स्पीड कमी करायचा, दहा-पंधरा वेळा, मध्ये गार होऊ द्यायचं, थांबल्यावर ब्रेक दाबून धरायचा नाही.

शिवार_यावल
पॅड पण? त्याचे पैसे कोण देणार, गाडी तर चाललीये.

वैशाली_भुसावळ
दादा, समोरचा माणूस गाडी घेऊन चोपड्याला जाणार, बायको-पोरं बसवणार मागं. डिस्क चमकते बघून तो पैसे देईल आणि पहिल्या उतारावर ब्रेक सरकेल. डिस्कच्या मानानं पॅड काहीच नाहीत. आणि शेडचं त्याला सांगून टाका.

शिवार_यावल
ताई मला कुणाला फसवायचं नाहीये. पॅड टाकतो. जळगावहून क्लीनर आणि ३२० चा पेपर आणतो, व्हर्नियर शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडं आहे. गाडी ओट्यावर काढली आत्ता. सोड्याचं पाणी किती घट्ट करायचं काका?

रिटायर_फिटर
बादलीभर पाण्याला मूठभर. ओतून दहा मिनिटं राहू दे. बेअरिंगवर जोराची धार मारू नको.

तापीकाठ
काका, माझ्या शेडमध्ये पण स्टार्टर हिरवा पडतो, मोटार चालू होताना ठिणगी मारते. कॅन बाहेर ठेवले तर उन्हात फुगतात. काय करायचं?

रिटायर_फिटर
शेडच्या बाहेर सावलीची जागा कर, वरून छप्पर, बाजू मोकळ्या, कॅनखाली फरशी. लेकरांचा अन् जनावरांचा हात-तोंड पोचणार नाही अशी. स्टार्टरचे पॉइंट पुसत बसू नको, लाइन बंद करून वायरमनकडून बदलून घे.