पेटी बेसूर की ऐकणारे?

दादरकर: कालच्या पोस्टमध्ये एकाने ठोकून दिलंय की डिसकॉर्ड, म्हणजे सुरांचा विसंवाद, हा निव्वळ बेसूर, आणि आपल्याकडे तो पेटीने, म्हणजे हार्मोनियमने, आणला. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. सूर जागेवरून सरकला तर बेसूर. दोन्ही सूर जागेवर असून एकमेकांना टोचले तर विसंवाद. मारवा रागातला कोमल रिषभ तानपुऱ्याच्या षड्जाला घासत राहतो, मग गाणारा बेसूर का? प्राचीन नाट्यशास्त्रात विवादी, म्हणजे न जुळणारा, सूर आहेच की. तेव्हा कुठे होती पेटी?

श्रुतीवेडा: मारवा पुढे करून पेटीला वाचवू नका. पेटीसाठी सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप) जातो. तानपुऱ्यातून उमटतो तो 386 च्या आसपास. हा फरक कानाला लागतो हो. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली ती उगाच नाही.

पेटीवाली मुलुंड: आली आकाशवाणी! बंदी पुढे सैल झाली ते सोयीस्कर विसरलात. गायक भास्करबुवा बखल्यांना गोविंदराव टेंब्यांची पेटी चालली, तुम्हाला चालत नाही. आतल्या रीड घासून गंधार ट्यूनिंग, म्हणजे सूर तानपुऱ्याशी जुळवून, घेता येतं. मी केलंय.

श्रुतीवेडा: आणि मग गायकाने पट्टी बदलली की दुसरी पेटी उचलायची. छान सोय.

ठाणे फास्ट: सेंट मोजत बसा तुम्ही. विसंवाद ऐकायचाय तर सकाळी आमच्या लोकलच्या डब्यात या. भजनी मंडळ, टाळ, वर एकजण पत्र्यावर ठेका धरतो. काळी चार आणि पांढरी पाच, दोन वेगळ्या पट्ट्या एकाच अभंगात! रात्रपाळी करून मी डोळा मिटायचा कसा?

पेटीवाली मुलुंड: माझे बाबा रिटायर होईपर्यंत त्याच मंडळात होते. आजारी पडले तेव्हा डब्यातलीच माणसं हॉस्पिटलात जागली. शांतता हवी तर टॅक्सी करा.

ठाणे फास्ट: टॅक्सीचं भाडं बाबांच्या मंडळाकडून घेऊ का?

दादरकर: अहो, वडिलांवर कशाला जाता?

ठाणे फास्ट: बरं, माणसं चांगली आहेत. गातात भयंकर.

पेटीवाली मुलुंड: ते बाबाही म्हणायचे. पण टाळ थांबवायचे नाहीत.

श्रुतीवेडा: डब्यात पेटी नसते ना? तेवढं तरी नशीब.